नायट्राईट : मांसात, पाण्यात आणि तंबाखूत



जुन्या गोठ्याच्या भिंतीला पायाशी पांढरा लोणा लागलेला आपण सर्वांनी पाहिला आहे. गुरांच्या मूत्रातलं नत्र जमिनीत मुरतं, जमिनीतले जंतू त्याचं रूपांतर करतात, आणि ओल सुकली की ते क्षाराच्या रूपानं वर फुलून येतं. अशाच खारवट मातीतून पूर्वी सोरा, म्हणजेच सुरोखार, काढीत असत. बंदुकीची दारू सोऱ्यावाचून होत नसे, आणि म्हणून बिहारातला सोरा जहाजं भरभरून युरोपात जात असे. रसायनशास्त्रात ह्या सोऱ्याला पोटॅशियम नायट्रेट म्हणतात. आज मला आपल्याशी बोलायचं आहे ते ह्या नायट्रेटच्या धाकट्या भावाविषयी. त्याचं नाव नायट्राईट.

दोघांच्या नावात फरक अगदी थोडा, आणि घडणीतही थोडाच. नायट्रेटमध्ये नत्राच्या एका कणाला प्राणवायूचे तीन कण जोडलेले असतात, नायट्राईटमध्ये दोन. परंतु स्वभाव मात्र निराळे. नायट्रेट हा शांत गडी आहे. पाण्यातून, भाजीतून पोटात गेला, तर बहुतांशी लघवीवाटे निघून जातो. नायट्राईट तसा नाही. तो जिथं जाईल तिथं दुसऱ्याशी सलगी करतो, आणि त्या सलगीतून कधी उपयोगी तर कधी अत्यंत घातक पदार्थ तयार होतात. नायट्रेटचं नायट्राईट करायला फारसे सायासही लागत नाहीत. जमिनीत, तोंडात, पानांवर राहणारे साधे जंतू ते काम सहज करतात.

नायट्राईटमुळे कर्करोग होतो, असं आपण वर्तमानपत्रांतून अधूनमधून वाचतो. त्यात खरं किती, भय किती, आणि आपल्या खेड्यापाड्यांतल्या घरांशी त्याचा संबंध काय, हे आपण क्रमानं पाहू.

नायट्राईटची ओळख माणसाला झाली ती मांस टिकवण्याच्या धंद्यात. थंड देशांत हिवाळ्यापूर्वी डुकरं मारून त्यांचं मांस खारवून ठेवण्याची जुनी पद्धत आहे. मिठाबरोबर थोडा सोरा घातला की मांस टिकतं आणि त्याचा रंग तांबूस राहतो, एवढं खाटकांना अनुभवानं ठाऊक होतं. गोव्यातल्या चोरीसाच्या काही जुन्या कृतींतही सोरा सांगितलेला असतो. हे का होतं, ते पुढं कळलं. १८९१ साली जर्मनीतील पोलेन्स्के ह्या रसायनशास्त्रज्ञाला असं आढळलं, की खारवण्याच्या पाण्यात घातलेल्या सोऱ्याचं जंतूंमुळे नायट्राईट बनतं. १९०१ साली इंग्लंडात हॉल्डेन यांनी दाखवलं, की मांसाचा तांबडा रंग टिकतो तो ह्या नायट्राईटमुळेच. मग सोऱ्याचा फेरा कशाला, सरळ नायट्राईटच घालू, असा विचार पुढं आला. १९२५ साली अमेरिकेच्या सरकारनं तशी परवानगी दिली. हॅम, बेकन, सॉसेज, सलामी असे जे मांसाचे टिकाऊ पदार्थ शहरांतल्या दुकानांत मिळतात, त्यांत बहुधा हे नायट्राईट असतं.

इथं न्यायानं एक गोष्ट सांगितली पाहिजे. नायट्राईट केवळ रंगासाठी घालत नाहीत. बंद डब्यात, हवा नसलेल्या जागी वाढणारा बोट्युलिनम नावाचा एक जंतू आहे. त्याचं विष इतकं जहाल, की त्याची अत्यल्प मात्राही माणसाचे स्नायू लुळे करून श्वास बंद पाडते. ह्या जंतूला नायट्राईट आवर घालतं. म्हणजे एका तत्काळ मृत्यूपासून वाचवणारा हा पहारेकरी आहे. प्रश्न आहे तो त्या पहारेकऱ्याच्या दुसऱ्या उद्योगांचा.

त्याचा पहिला उद्योग रक्तातला. आपल्या रक्ताचा तांबडा भाग, हिमोग्लोबिन, अंगभर प्राणवायू वाहून नेतो. नायट्राईट जास्त प्रमाणात रक्तात शिरलं की हे हिमोग्लोबिन बिघडतं. रक्त वाहत राहतं, पण प्राणवायू पोचवू शकत नाही, आणि माणूस निळा पडतो. १९४४ साली न्यूयॉर्क शहरात एका खानावळीत असा प्रकार घडला. मिठासारखंच दिसणारं सोडियम नायट्राईट मिठाऐवजी वापरलं गेलं, आणि तिथं लापशी खाल्लेले अकरा वृद्ध निळे पडून रुग्णालयात आले. त्यांतला एक दगावला. रसायनाच्या डब्यावर नाव लिहिलेलं असावं आणि तो स्वयंपाकघरापासून लांब असावा, ही शिकवण आपल्या खताच्या आणि औषधांच्या पुड्यांनाही लागू आहे.

आता मुख्य विषयाकडे, कर्करोगाकडे वळू. ह्या गोष्टीचा धागा इंग्लंडात सापडला. एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नायट्रोसअमाईन ह्या वर्गातला एक द्राव वापरणाऱ्या माणसांच्या यकृताला इजा झाली. बार्न्स आणि मॅगी ह्या दोघा शास्त्रज्ञांनी तो पदार्थ उंदरांना देऊन पाहिला. १९५४ साली त्यांनी यकृताच्या इजेचा अहवाल दिला, आणि १९५६ साली असं जाहीर केलं, की हा पदार्थ अन्नातून थोडा थोडा दिला असता बहुतेक सर्व उंदरांच्या यकृतात गाठी होतात. आता आपण म्हणाल, कारखान्यातल्या द्रावाशी आमचा काय संबंध? तेव्हा लोकांनाही असंच वाटलं.

उत्तर मिळालं नॉर्वे देशातल्या मेंढ्यांकडून. तिथं हेरिंग नावाची मासळी विपुल. ती वाळवून, दळून जनावरांना खाऊ घालतात. मासळी टिकावी म्हणून तिच्यात सोडियम नायट्राईट मिसळत असत. १९६० च्या सुमारास ही भुकटी खाणाऱ्या मेंढ्या यकृताच्या रोगानं मरू लागल्या. केसाळ कातड्यासाठी पाळलेल्या मिंक नावाच्या प्राण्यांतही तोच रोग दिसला होता. शोध घेता घेता १९६४ साली कारण हाती आलं. मासळीत अमाईन नावाची द्रव्यं निसर्गतःच असतात. त्यांच्याशी नायट्राईटचा संयोग होऊन, कोणीही न घालता, भुकटीतच ते नायट्रोसअमाईन तयार झालं होतं. इंग्लंडातल्या उंदरांना यकृताच्या गाठी झाल्या होत्या त्या ज्या पदार्थानं, तोच हा पदार्थ.

शिक्षकांनी ही साखळी फळ्यावर लिहून ठेवावी, कारण पुढलं सगळं भाषण तिच्यावरच उभं आहे. पहिली कडी नायट्रेट. दुसरी कडी नायट्राईट. तिसरी कडी, अमाईनशी गाठ पडून झालेलं नायट्रोसअमाईन. खरा घात करते ती ही तिसरी कडी. आणि ही साखळी तीन जागी जुळते : टिकवलेल्या अन्नात, आपल्या पोटात आणि तंबाखूच्या पानात.

पहिली जागा, टिकवलेलं मांस. ते कडक आचेवर तळलं-भाजलं की त्यात नायट्रोसअमाईनं वाढतात. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं असं प्रक्रिया केलेलं मांस माणसात कर्करोग निर्माण करतं, असा निर्णय दिला. रोज ५० ग्रॅम असं मांस खाणाऱ्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असं त्यांनी सांगितलं. हा १८ चा आकडा ऐकून काहींची समजूत होते, की शंभर खाणाऱ्यांत अठरा जणांना रोग होणार. तसं नव्हे. समजा, एखाद्या देशात शंभर माणसांत पाच जणांना आयुष्यात कधीतरी हा रोग होतो. मग रोज असं मांस खाणाऱ्या शंभरांत तो सुमारे सहा जणांना होईल. धोका खरा आहे, पण त्याचं माप हे आहे. ह्या धोक्यात मांसातल्या इतर घटकांचाही वाटा आहे. शिवाय त्याच संस्थेनं तंबाखूलाही त्याच वर्गात घातलेलं आहे. वर्ग एक, याचा अर्थ पुरावा तितकाच पक्का, एवढाच. धोका तितकाच मोठा, असा नव्हे. त्या वेळी उद्धृत केलेले जगाचे अंदाज पाहा : असल्या मांसाच्या आहारामुळे वर्षाला सुमारे ३४,००० कर्करोगमृत्यू, आणि तंबाखूमुळे सुमारे दहा लाख. हे दोन आकडे ध्यानात ठेवा.

दुसरी जागा, आपलं स्वतःचं पोट. आपण खाल्लेल्या नायट्रेटपैकी जवळजवळ चौथा हिस्सा रक्तातून पुन्हा लाळेत उतरतो. जिभेवरचे जंतू त्यातल्या काहीचं नायट्राईट करतात, आणि ते आपण गिळतो. जठरातल्या आम्लात नायट्राईटला अमाईन भेटलं, तर नायट्रोसअमाईन होऊ शकतं. म्हणूनच २०१० साली त्याच संस्थेनं म्हटलं, की पोटात असा संयोग घडेल अशा परिस्थितीत घेतलेलं नायट्रेट किंवा नायट्राईट माणसाला बहुधा कर्करोगकारक आहे. ‘अशा परिस्थितीत’ हे शब्द इथं फार महत्त्वाचे.

ते का? तर पालक, मुळ्याचा पाला, बीट ह्यांत नायट्रेट पुष्कळ असतं. मग पालेभाजी सोडायची काय? मुळीच नाही. भाजीपाला भरपूर खाणाऱ्यांत कर्करोग वाढल्याचं आढळत नाही, उलट त्यांचं आरोग्य चांगलंच दिसतं. त्याचं एक कारण १९७२ साली स्पष्ट झालं. क जीवनसत्त्व हजर असलं, की ते नायट्राईटला आधीच गाठून निकामी करतं आणि अमाईनशी त्याची गाठ पडू देत नाही. पालेभाजीत नायट्रेट असतं तसं हे जीवनसत्त्वही असतं. लिंबू, आवळा, पेरू ही तर त्याची भांडारंच. १९७८ साली अमेरिकेनं बेकनसाठी नायट्राईटची मात्रा बांधून दिली, आणि तिच्याबरोबर क जीवनसत्त्वाच्या जातीचं द्रव्य घालणं सक्तीचं केलं, ते ह्याच कारणानं. आपल्या ताटात डावीकडे वाढलेली लिंबाची फोड नुसती शोभेची नाही, बरं का! फक्त एक काळजी घ्या. शिजवलेली पालेभाजी उन्हाळ्यात रात्रभर उघडी राहिली, तर जंतू तिच्यात नायट्राईट वाढवतात. अशी शिळी भाजी तान्ह्या मुलाला भरवू नये.

पोटात नायट्रेट जाण्याचा दुसरा रस्ता आपल्या फार जवळचा आहे, तो म्हणजे विहिरीचा. १९४५ साली अमेरिकेतल्या आयोवा राज्यात कॉम्ली नावाच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं, की शेतावरच्या विहिरीच्या पाण्यात कालवलेलं भुकटीचं दूध पाजल्यावर तान्ही मुलं निळी पडतात. त्या विहिरींत नायट्रेट फार होतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला हा धोका सर्वांत जास्त असतो. म्हणून पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानं नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम ठरवली आहे. पंधरा लिटरच्या घागरीत हे पाऊण ग्रॅमही होत नाही. रंग नाही, वास नाही, चव नाही. डोळ्यांनी पाहून कुणी सांगू शकणार नाही.

आपल्याकडे परिस्थिती काय आहे? केंद्रीय भूजल मंडळानं देशात पंधरा हजारांहून अधिक ठिकाणचं भूजल तपासून २०२४ चा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात देशातल्या सुमारे वीस टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेबाहेर होतं. महाराष्ट्रात हे प्रमाण ३५ टक्क्यांहून अधिक निघालं, म्हणजे तीन नमुन्यांत एक. वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, नांदेड, बीड, जळगाव ह्या जिल्ह्यांचा त्यात खास उल्लेख आहे. प्रौढांच्या बाबतीत पाण्यातल्या नायट्रेटचा आणि कर्करोगाचा संबंध अजून पुरता सिद्ध झालेला नाही. परंतु डेन्मार्कमध्ये सुमारे २७ लाख लोकांच्या नोंदी अभ्यासून २०१८ साली जो निष्कर्ष निघाला, त्यात मर्यादेहून पुष्कळ कमी नायट्रेट असलेल्या पाण्यातही मोठ्या आतड्याचा कर्करोग किंचित वाढलेला दिसला. एवढ्यावरून घाबरून जाऊ नये, पण स्वस्थही बसू नये.

हे नायट्रेट विहिरीत येतं कुठून? युरियासारख्या खतातून, उकिरड्यातून, गोठ्याच्या मोरीतून आणि संडासाच्या खड्ड्यातून. पिकाला लागतं त्याहून जास्त युरिया टाकला, तर जास्तीचा भाग पीक घेत नाही. पाऊस पडला की तो पाण्याबरोबर खाली झिरपतो. म्हणजे दुकानातून पैसे मोजून आणलेलं खत आपण आपल्याच घागरीत ओततो. मातीची तपासणी करून, हप्त्याहप्त्यानं, मुळाशी द्यावं. यात पैसाही वाचतो आणि पाणीही. उकिरडा आणि संडासाचा खड्डा विहिरीपासून लांब, उताराच्या बाजूला असावा. विहिरीला कठडा असावा, आणि सांडलेलं पाणी पुन्हा आत मुरू नये.

आणखी एक गैरसमज दूर करतो. पाणी उकळल्यानं रोगजंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटतं आणि नायट्रेट तेवढंच राहतं, म्हणजे त्याचं प्रमाण वाढतं. तुरटीनं, फडक्यानं, जंतुनाशक पूड टाकूनही ते जात नाही. आरओचं यंत्र ते पुष्कळ अंशी काढतं. पण तान्ह्या बाळासाठी सर्वांत सुरक्षित उपाय फार जुना आहे : पहिले सहा महिने केवळ आईचं दूध.

आता तिसरी जागा. आपल्यासाठी ही सर्वांत महत्त्वाची, आणि हिच्याविषयीच सर्वांत कमी बोललं जातं.

तंबाखूच्या पानात नायट्रेट असतं. पान वाळवताना, कुजवताना, साठवताना जंतू त्याचं नायट्राईट करतात. आणि अमाईन बाहेरून यावं लागत नाही, कारण तंबाखूचं निकोटीन आणि त्याची भावंडं पानातच बसलेली असतात. तिन्ही कड्या एकाच पानात! त्यांतून जी खास नायट्रोसअमाईनं होतात, त्यांतली दोन माणसाला निश्चितपणे कर्करोगकारक आहेत, असं संशोधन संस्थेनं २००७ साली जाहीर केलेलं आहे. स्वीडनमध्ये तोंडात धरायच्या तंबाखूला वाफेची उष्णता देऊन हे जंतू मारतात, तेव्हा ही विषं पुष्कळ कमी होतात. जंतू मेले, नायट्राईट झालं नाही, साखळी तुटली. साखळीची गोष्ट खरी असल्याचा याहून चांगला पुरावा कोणता? पण म्हणून ती तंबाखूही निर्धोक ठरत नाही, आणि आपल्याकडली तंबाखू तर अशी वाफवलेलीही नसते. सुपारीतल्या द्रव्यांपासूनही अशीच नायट्रोसअमाईनं होतात, आणि गुटख्यात तर सुपारी व तंबाखू दोन्ही.

मशेरीचं पाहा. तव्यावर तंबाखू काळी होईतो भाजायची, कुटायची, आणि सकाळ-संध्याकाळ दातांना घासायची. त्यानं दात घट्ट होतात, पोट साफ होतं, असं सांगून आई लेकीला ती सवय लावते. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रातला जवळजवळ दर चौथा प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात बिनधुराची तंबाखू वापरताना आढळला. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी ह्या सवयीचं मूळ घराघरांत आहे. सलामीचा तुकडा आपल्या खेड्यात वर्षातून एकदाही येत नसेल. तंबाखूची चिमूट मात्र दिवसातून दहा वेळा दाढेखाली जाते. नायट्राईटची खरी भीती बाळगायची, तर ती इथं बाळगा.

कुणी म्हणेल, ‘आमच्या आजीनं ऐंशी वर्षं मशेरी लावली, तिला काही झालं नाही.’ आजीला आयुष्य लाभलं, आनंद आहे. पण रेल्वेचं फाटक बंद असताना रूळ ओलांडणारा प्रत्येक जण काही गाडीखाली सापडत नाही, म्हणून फाटक काढून टाका असं कुणी म्हणत नाही. जे वाचले ते ओसरीवर बसून सांगतात. जे गेले, ते सांगायला नसतात.

तोंडात पांढरा किंवा तांबडा चट्टा दिसला, दोन-तीन आठवड्यांत न भरणारं क्षत राहिलं, किंवा तोंड पूर्वीसारखं उघडेनासं झालं, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन दाखवा. लवकर सापडलेला तोंडाचा कर्करोग बरा होऊ शकतो. तंबाखू सोडायची असेल, तर १८००-११-२३५६ ह्या क्रमांकावर सरकारतर्फे मोफत सल्ला मिळतो.

शिक्षक मित्रहो, तुमच्यासाठी दोन कामं सुचवतो. पाणी तपासण्याची साधी पेटी पुष्कळ ग्रामपंचायतींकडे आलेली आहे, आणि गावातल्या पाच महिलांना ती वापरायला शिकवण्याची योजना आहे. वरच्या वर्गातल्या मुलांना घेऊन गावातल्या प्रत्येक विहिरीचं आणि हातपंपाचं पाणी पावसाळ्यापूर्वी एकदा आणि नंतर एकदा तपासून घ्या. आकडे शाळेच्या भिंतीवर लिहा. ज्याचा आकडा ४५ च्या वर दिसेल, त्याचा नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाठवा, आणि तोवर त्या पाण्यात बाळाचं दूध कालवू नका असं घरोघर सांगा. दुसरं काम ह्याहून कठीण. ज्या मुलीच्या बोटाला मशेरीचा काळा डाग दिसेल, तिला वर्गात सर्वांदेखत रागावू नका. ती सवय तिची नाही, तिच्या घराची आहे. तिच्या आईला शाळेत बोलवा, बसवा, आणि ही तीन कड्यांची गोष्ट सावकाश समजावून सांगा.

मातीतलं नत्र आपल्या पिकांना पोसतं. त्याच्याशी आपलं वैर नाही, आणि ते असूही शकत नाही. साखळीची तिसरी कडी जुळू द्यायची की नाही, एवढंच आपल्या हाती आहे. खत मापानं घालावं, विहीर राखावी, ताटात लिंबू असावं आणि दाढेखाली तंबाखू नसावी. ह्या चार गोष्टींना कोणत्याही मोठ्या दवाखान्याची गरज पडत नाही. आज रात्री घरातल्या सर्वांना एकत्र बसवून त्यांतली निदान एक तरी ठरवून टाका.